एक्कावन्न टक्के कॉफी

१/
१९७७ च्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे पॉलिट ब्यूरो, म्हणजे त्या देशातील सर्वांत शक्तिशाली माणसांचे मंडळ, एका विषयावर गंभीरपणे खल करीत होते. विषय होता कॉफी. घराघरांत किती लागते, कचेऱ्यांत किती, उपाहारगृहांत किती. कात्री कोठे लावावी, आणि लावली तर लोक काय करतील. सोळा वर्षांपूर्वी राजधानीच्या मध्यातून भिंत उभारताना ज्यांचा हात थरथरला नव्हता, ते राज्यकर्ते आता कारकुनाच्या टेबलावरील कपाला बिचकत होते.

२/
हा प्रसंग 'पूर्व जर्मनीचे कॉफी संकट' या नावाने ओळखला जातो आणि बहुतेक वेळा मजेदार किस्सा म्हणून सांगितला जातो. त्यात मजा आहेच. पण ओढगस्तीच्या काळात काटकसरीची सुरी पहिल्यांदा कोणाच्या ताटाकडे वळते, आणि ती कशी चालवली असता माणसे कायमची दुखावतात, हे दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण विसाव्या शतकाच्या इतिहासात सहज सापडत नाही. म्हणून ते सावकाशीने पाहण्याजोगे आहे.

३/
आरंभ बर्लिनमध्ये झाला नाही. तो झाला ब्राझीलमध्ये. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या दक्षिणेकडील पराना राज्यात भीषण हिमतुषार पडले. तेथील लोक त्याला 'काळा तुषार' म्हणतात, कारण अशा थंडीत झाडावर पांढरी साय धरत नाही. आतला रस गोठून पाने आणि फांद्या जळाल्यासारख्या काळ्या पडतात. कोट्यवधी झाडे एका रात्रीत गेली. पराना हा तेव्हा ब्राझीलचा कॉफीचा बालेकिल्ला होता. पुढच्या हंगामात तेथील पीक जवळजवळ शून्यावर आले. कॉफीचे नवे रोप फळाला यायला तीन-चार वर्षे घेते, म्हणजे तूट एका वर्षात भरून निघणारी नव्हती.

४/
त्याच वर्षी अंगोला पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटला आणि यादवीत सापडला. अंगोला हाही तेव्हा जगातील मोठ्या कॉफी उत्पादकांपैकी एक होता. १९७६ च्या आरंभी ग्वाटेमालात मोठा भूकंप झाला. या साऱ्याचा परिणाम म्हणून १९७७ च्या वसंतापर्यंत न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफीचा भाव १९७५ च्या तुलनेत चौपटीच्या वर गेला.

५/
भाव साऱ्या जगासाठी वाढला होता. पूर्व जर्मनीची अडचण मात्र वेगळ्या जातीची होती. तिचा मार्क देशाबाहेर कोणी घेत नसे. कॉफी विकत घ्यायची तर पाश्चात्त्य चलन हवे, आणि ते मिळवायचे तर पाश्चात्त्यांना खपेल असे काहीतरी विकायला हवे. त्या तुटपुंज्या चलनातूनच यंत्रे, कच्चा माल, पशुखाद्य, सारे यायचे. आणि आधीची कर्जेही फेडायची होती. कॉफीच्या आयातीवर वर्षाला सुमारे १५ कोटी परकीय मार्क खर्च होत असत. १९७७ मध्ये हा आकडा ७० कोटींच्या आसपास पोहोचला. अर्थखात्यातील कोणाही माणसाची झोप उडावी असाच हा हिशेब होता.

६/
यावर सहज सुचणारा प्रश्न असा, की कॉफी म्हणजे काही भाकरी नव्हे. थोडे दिवस नसली तर काय बिघडले? उत्तर त्या देशाच्या खर्चाच्या वहीत आहे. पूर्व जर्मनीचे लोक कॉफीवर वर्षाला सुमारे ३.३ अब्ज मार्क खर्च करीत. हा खर्च फर्निचरवरील खर्चाच्या जवळपास आणि पादत्राणांवरील खर्चाच्या दुप्पट होता. आणि ती स्वस्त नव्हती. 'कोस्टा' हा सर्वांत साधा प्रकार किलोला ६० मार्क, 'रोंडो' ७०, 'मोना' ८०. म्हणून ती विकली जाई १२५ ग्रॅमच्या लहान पुड्यांत. ज्या समाजात मोटारीसाठी दहा-बारा वर्षे रांगेत राहावे लागे, तेथे हातातल्या पैशांतून आज, आत्ता विकत घेता येईल अशी चैन म्हणजे ही पुडी.

७/
आता कचेरीत जाऊ या, कारण या कथेचे खरे घर तेच. पूर्व जर्मनीत काम करण्याच्या वयाची बहुसंख्य माणसे, स्त्रियांसह, नोकरीत होती. कारखाना किंवा कार्यालय हे केवळ पगाराचे ठिकाण नव्हते. जेवणघर, पाळणाघर, सुट्टीची घरे, सहली हे सारे त्याच्याच मार्फत मिळे. सहकाऱ्यांच्या गटाला 'ब्रिगेड' म्हणत आणि ब्रिगेडचे आयुष्य ज्या टेबलाभोवती चाले त्यावर कॉफी असे. पद्धत साधी होती: कपात दळलेली कॉफी घालायची, वरून उकळते पाणी ओतायचे, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचे. याला ते 'तुर्की' कॉफी म्हणत, जरी कोणा तुर्काने ती ओळखली नसती. कॉफीसाठी वर्गणीचा डबा असे. वाढदिवस, निरोपसमारंभ, ८ मार्चचा महिलादिन यांपैकी काहीही केक आणि कॉफीवाचून पार पडत नसे.

८/
गाळ खाली बसेपर्यंतची ती तीन-चार मिनिटे महत्त्वाची. बोलण्यावर पहारा असलेल्या समाजात अनौपचारिक बोलण्याची जी थोडी ठिकाणे उरतात त्यांत असे टेबल येते. तेथेही कान देणारे होतेच, हे खरे. तरीही वरिष्ठाविषयीची कुरकुर, बाजारात काय आले आहे याची बातमी आणि हलक्या आवाजातले विनोद तेथेच वाटले जात.

९/
या भूमीचा कॉफीशी संबंध जुना आहे. लाइपझिगमध्ये बाखने अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात कॉफीच्या व्यसनावर चक्क एक संगीतरचना केली. सॅक्सनीतील लोक 'कॉफीवाले सॅक्सन' म्हणून चिडवले जात, आणि पातळ कॉफीला तेथे 'फुलांची कॉफी' असे नाव होते. कारण ती इतकी पारदर्शक असायची की चिनीमातीच्या पेल्याच्या तळाशी रंगवलेले फूल दिसे. पातळ कॉफीवरचा हा विनोद स्वतःच्या गरिबीवरचा विनोद होता. तो त्यांनी स्वतः केला होता, हे येथे लक्षात ठेवावे.

१०/
आणि कॉफीवर सरकारी कात्रीही तेथे नवी नव्हती. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७८१ मध्ये कॉफी भाजण्याची मक्तेदारी सरकारकडे घेतली. पैसा परदेशात जातो, हीच त्याचीही तक्रार. घरी चोरून कॉफी भाजणाऱ्यांना पकडण्यासाठी त्याने निवृत्त सैनिक नेमले. ते रस्त्यांतून वास घेत हिंडत. लोकांनी त्यांना 'कॉफी हुंगणारे' म्हटले आणि त्यांचा मनापासून द्वेष केला. राजाच्या मृत्यूनंतर ती मक्तेदारी टिकली नाही. दोनशे वर्षांनी त्याच प्रदेशातील समाजवादी सरकार त्याच गणितापाशी येऊन पोहोचले, यात इतिहासाची थोडी चेष्टा आहे.

११/
कामाच्या ठिकाणची कॉफी ही मेहेरबानी की कामाचे साधन, या प्रश्नाचा निवाडा भांडवलशाही जगात एकदा न्यायालयात झाला होता, आणि तो येथे उपयोगी पडतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात फिल ग्राइनेट्झ नावाचा एक गळपट्टे, म्हणजे नेकटाय, विणणारा कारखानदार होता. दुसऱ्या महायुद्धात तरुण कामगार सैन्यात गेले. वृद्धांना घेऊन पाहिले, जमले नाही. मग मध्यमवयीन स्त्रिया घेतल्या. त्या काम उत्तम करीत, पण दिवसअखेर थकत. त्यांच्याच सुचवण्यावरून त्याने सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटांची कॉफीची सुट्टी दिली आणि उत्पादन वाढले. मग त्याने ती सुट्टी सक्तीची केली, आणि तेवढ्या वेळाचे वेतन कापले! प्रकरण न्यायालयात गेले. १९५६ मध्ये निकाल लागला: या सुट्टीचा लाभ मालकाला होतो, म्हणून तो कामाचाच वेळ आहे, वेतन द्यावे लागेल.

१२/
डेन्व्हरच्या न्यायाधीशांना जे कळले ते पूर्व बर्लिनच्या नेत्यांना कळत नव्हते असे नाही. एरिख होनेकर १९७१ मध्ये सत्तेवर आला तोच राहणीमान सुधारण्याच्या आश्वासनावर. कामगाराला आज समाधानी ठेवावे, म्हणजे उद्या तो अधिक उत्पादन करील, हा त्याच्या धोरणाचा गाभा होता. पक्षाला १७ जून १९५३ आठवत होता: कामाचे प्रमाण वाढवल्यामुळे बांधकाम मजूर रस्त्यावर उतरले आणि सोव्हिएत रणगाडे आणावे लागले. त्याहून ताजी होती शेजारच्या पोलंडची आठवण. जून १९७६ मध्ये तेथे सरकारने अन्नाचे भाव वाढवले, रादोम आणि उर्सुस येथे कामगार उठले, आणि सरकारला दुसऱ्याच दिवशी भाववाढ मागे घ्यावी लागली.

१३/
परकीय व्यापाराच्या गुप्त यंत्रणेचा प्रमुख अलेक्झांडर शाल्क-गोलोड्कोव्स्की याला आकडे दिसत होते आणि त्याचे प्रस्ताव कठोर होते. आल्बेर्ट नोर्डेन या ज्येष्ठ पॉलिट ब्यूरो सदस्याला लोक दिसत होते. त्याने होनेकरला असंतोषाचा इशारा दिला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. अशा वेळी सरकारे जे करतात ते या सरकारने केले. दोघांच्या मधली वाट काढली, आणि ती दोन्हींपेक्षा वाईट निघाली.

१४/
निर्णय असा: सर्वांत स्वस्त 'कोस्टा' बाजारातून काढून टाकली. सरकारी कार्यालयांतील कॉफीचा वापर कडकपणे आवळला. उपाहारगृहे आणि जेवणघरे यांच्यासाठी नवा पदार्थ आणला: 'काफे-मिक्स'. त्यात ५१ टक्के कॉफी आणि ४९ टक्के इतर माल. इतर म्हणजे चिकोरी, राय, सातू, साखरबीट, वाटाणा.

१५/
एक्कावन्न हा आकडा पाहण्यासारखा आहे. पन्नास नाही, अठ्ठेचाळीस तर नाहीच. बहुमताने कॉफी! पुडीवर 'कॉफी' हा शब्द लिहिता यावा इतकीच कॉफी. नोकरशाहीच्या मनाचा इतका नेमका नमुना एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर अतिशयोक्ती वाटली असती.

१६/
टंचाईला सामोरे जाण्याचे ढोबळ मार्ग तीन. भाव वाढवणे, हा पहिला; त्यात गरीब मरतो, पण कोणाला फसवले जात नाही. शिधापत्रिका, हा दुसरा. सर्वांना थोडे, पण खरे. तिसरा मार्ग म्हणजे वस्तूचे नाव तसेच ठेवून आतली वस्तू बदलणे. पूर्व जर्मनीने तिसरा मार्ग मुख्यतः धरला. कारण पहिल्या दोहोंत टंचाई उघड मान्य करावी लागली असती, आणि मे १९५८ मध्ये शिधापत्रिका रद्द केल्याचा गाजावाजा केलेल्या राज्याला वीस वर्षांनी तसे करणे म्हणजे पराभव वाटला.

१७/
मुंबईच्या कचेऱ्यांतून वाढलेल्या मराठी माणसाला यातली खोच सहज कळावी. 'कटिंग' ही काटकसरच आहे: एका चहाचे दोन भाग. पण अर्ध्या ग्लासात जो चहा येतो तो चहाच असतो. अर्धा आहे हे देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, आणि नावातही तसे स्पष्ट म्हटलेले. कटिंग मागण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. त्याच ग्लासात पूर्ण चहा म्हणून निम्मा भुसा उकळून दिला असता तर त्या टपरीचे काय झाले असते, ते सांगायला नको. चिकोरीही मुळात वाईट नाही. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत ती चवीसाठी, मागून घेतली जाते. मागून घेणे आणि लादले जाणे यांत अंतर आहे.

१८/
काफे-मिक्सने पहिला सूड यंत्रांवर उगवला. उपाहारगृहांतील कॉफीयंत्रे दाबाखाली गरम पाणी सोडतात. मिश्रणातील वाटाण्याच्या पिठात प्रथिने असतात; उष्णता आणि दाब मिळताच ते फुगले, चिकट झाले आणि गाळण्या तुंबल्या. कॉफी वाचवण्यासाठी काढलेल्या पदार्थाने कॉफीयंत्रे बंद पाडली.

१९/
दुसरा सूड विनोदाने घेतला. पश्चिम जर्मनीत 'जाकोब्स क्र्योनुंग' ही नामांकित कॉफी होती. 'क्र्योनुंग' म्हणजे राज्याभिषेक. काफे-मिक्सचे नाव लोकांनी ठेवले 'एरिख्स क्र्योनुंग', अर्थात एरिख होनेकरचा राज्याभिषेक. येथे 'फुलांच्या कॉफी'ची आठवण ठेवावी. तो जुना विनोद आपल्या गरिबीवर होता. हा नवा विनोद राज्यकर्त्यावर होता. गरिबी तीच, पण हसण्याची दिशा बदलली. गुप्त पोलीसदल 'श्टाझी' लोकांच्या मनःस्थितीचे अहवाल गोळा करीत असे, त्यांतही कॉफीने जागा पटकावली.

२०/
तिसरा मार्ग अर्जाचा. पूर्व जर्मनीत निवडणुकीला अर्थ नव्हता आणि वृत्तपत्रांत टीका छापून येत नव्हती. पण नागरिकाला सरकारकडे 'आयनगाबे', म्हणजे लेखी गाऱ्हाणे, पाठवण्याचा अधिकार होता. १९७५ च्या कायद्याने अशा गाऱ्हाण्याला चार आठवड्यांत उत्तर देणे बंधनकारक होते. काफे-मिक्सविरुद्ध आलेल्या गाऱ्हाण्यांची संख्या १४,००० च्या घरात सांगितली जाते. भिंतीविरुद्ध लिहिणे धोक्याचे होते. वाटाण्याविरुद्ध लिहिता येत होते. साहजिकच बरेच काही वाटाण्याच्या नावाखाली लिहिले गेले असणार.

२१/
राग इतका का आला, हे समजण्यासाठी चवीच्या पलीकडे जावे लागते. १९७७ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक जर्मनाने युद्ध आणि युद्धानंतरची उपासमार पाहिली होती. भाजलेले सातू, चिकोरी, ओकची फळे यांचा काढा 'कॉफी' म्हणून त्यांनी प्यायला होता. त्याला एक थट्टेचे नावही होते, 'मुकेफुक'. खऱ्या कॉफीचा वास परत आला, तेव्हा युद्ध खरोखर संपले असे वाटणारी ती पिढी. तीस वर्षांनी, शांततेच्या काळात, समाजवादाच्या विजयाच्या घोषणा भिंतींवर असताना, कचेरीच्या टेबलावर तोच जुना वास पुन्हा आला. पक्षाने आकडेमोडीत हा वास धरला नव्हता.

२२/
शिवाय ही कात्री सर्वांना सारखी लागली नाही. ज्यांचे नातेवाईक पश्चिमेत होते त्यांना टपालाने पुडकी येत. त्यांवर 'भेटवस्तू, विक्रीचा माल नव्हे' असे लिहावे लागे आणि आत कॉफी जवळजवळ हमखास असे. देशात प्यायल्या जाणाऱ्या कॉफीपैकी पाचवा ते चौथा हिस्सा अशा पुडक्यांतून येत होता असा अंदाज आहे. ज्यांच्याजवळ पश्चिमी मार्क होते ते 'इंटरशॉप' दुकानांतून घेऊ शकत. सर्वोच्च नेत्यांची वांडलिट्झ येथील वसाहत तर पाश्चात्त्य मालावरच चाले. म्हणजे वर्गहीन समाजात कॉफीने नवे वर्ग पाडले: मावशी पश्चिमेत असलेले आणि नसलेले. कचेरीत एकाच टेबलावर एकाच्या कपातून एक वास येई, दुसऱ्याच्या कपातून दुसरा. ज्या ब्रिगेडच्या एकोप्याचे गोडवे गायले जात, तिच्यासाठी याहून वाईट काही योजणे कठीण होते.

२३/
न्यायाने पाहिले तर सरकारची बाजूही दुबळी नव्हती. चलन खरोखर नव्हते. पशुखाद्य की कॉफी असा प्रश्न आला तर कोणताही जबाबदार मंत्री कॉफीवरच फुली मारील. आणि त्याच सुमारास अमेरिकेत तरी काय चालले होते? न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक आयुक्त एलिनोर गुगेनहायमर यांनी १९७७ च्या आरंभी लोकांना कॉफीवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले आणि पुष्कळांनी कप खाली ठेवला. कमी पिणे दोन्हीकडे झाले. फरक एवढाच, की न्यूयॉर्कच्या कारकुनाने कप स्वतः खाली ठेवला होता आणि का ठेवतो आहोत हे त्याला माहीत होते. बर्लिनच्या कारकुनाच्या कपात कोणी तरी, त्याला न विचारता, वाटाणे घातले होते.

२४/
आता या कथेचा तो भाग, जो मजेदार किस्सा सांगणारे बहुधा गाळतात. चलन नसेल तर वस्तूंच्या बदल्यात कॉफी मिळवावी, असे ठरले. पॉलिट ब्यूरोचा तरुण सदस्य वेर्नर लाम्बेर्झ जून १९७७ मध्ये इथिओपियाला गेला. तेथे मेंगिस्तू हायले मरियमची लष्करी राजवट होती. राजधानीत विरोधकांचे शिरकाण चालू होते, आणि सोमालियाशी युद्ध तोंडावर आले होते. इथिओपियाला शस्त्रे हवी होती, बर्लिनला कॉफी. सौदा झाला. बंदुका आणि दारूगोळा गेला. कॉफीची पोती आली.

२५/
येथे विनोद थांबतो. कार्यालयातला कप खरा राहावा म्हणून 'लाल दहशत' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हत्याकांडाच्या काळात त्या राजवटीला शस्त्रे पुरवली गेली. तो कप पिणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक नव्हते आणि त्याला विचारण्याचा प्रश्नही नव्हता. ज्या सरकारला आपल्या नागरिकांसमोर 'यंदा कॉफी कमी आहे' हे एक वाक्य उच्चारणे जड गेले, त्याला हे जड गेले नाही. काफे-मिक्सच्या सगळ्या प्रकरणातील सर्वांत कठोर दोषारोप हाच ठरायला हवा. चवीविषयीच्या तक्रारी त्यापुढे किरकोळ आहेत. अंगोलाशी झालेला व्यवहार त्या मानाने सौम्य होता: तेथे कॉफीच्या बदल्यात 'डब्ल्यू ५०' जातीचे मालमोटार ट्रक गेले. लाम्बेर्झ स्वतः मार्च १९७८ मध्ये लिबियात हेलिकॉप्टर अपघातात मरण पावला. इथिओपियानेही पुढे लवकरच कॉफीसाठी रोख परकीय चलनाचा आग्रह धरला आणि तो मार्ग आटला.

२६/
काफे-मिक्स फार काळ टिकले नाही. गाऱ्हाणी, तुंबलेली यंत्रे आणि दुकानांत पडून राहिलेल्या पुड्या यांपुढे सरकार हळूहळू मागे सरले. १९७८ पासून जगातले भावही उतरू लागले. खरी कॉफी परतली. सरकारने चूक मात्र जाहीरपणे मान्य केली नाही. त्या राज्यात चुका मान्य होत नसत. त्या फक्त दुकानातून नाहीशा होत.

२७/
'कॉफीने बर्लिनची भिंत पाडली' अशी विधाने अधूनमधून वाचायला मिळतात. ती टाळ्यांची वाक्ये आहेत. काफे-मिक्सनंतर ते राज्य आणखी बारा वर्षे उभे होते, आणि ते कोसळले त्याला कर्ज, मॉस्कोतील बदल, हंगेरीची उघडलेली सीमा आणि लाइपझिगच्या रस्त्यांवर उतरलेली माणसे अशी मोठी कारणे होती. कॉफीने राज्य पाडले नाही. तिने एवढेच केले, की सरकार सांगते ते आणि कपात असते ते यांतील अंतर प्रत्येक कारकुनाला, रोज सकाळी दहा वाजता, जिभेने मोजता आले. १९७७ मध्ये ज्यांनी अर्ज लिहिले त्यांपैकी किती जण १९८९ मध्ये रस्त्यावर होते, हे कोणी मोजलेले नाही.

२८/
एक धागा उरतो. दुसऱ्यांदा असे संकट येऊ नये म्हणून पूर्व जर्मनीने १९८० मध्ये व्हिएतनामशी करार केला. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या देशाच्या मध्य पठारावर, दाक लाक प्रांतात, कॉफीचे मळे उभारायचे. जर्मनीने ट्रक, यंत्रे, पाणीपुरवठ्याची सामग्री पाठवली, जलविद्युत केंद्राला मदत केली. सुमारे १०,००० माणसे तेथे नेऊन वसवली गेली. लागवड ६०० हेक्टरांवरून १९९० पर्यंत ८,६०० हेक्टरांवर गेली. बदल्यात पुढील वीस वर्षे निम्मे पीक पूर्व जर्मनीला मिळायचे होते.

२९/
झाडे भरात येऊ लागली तेव्हा ३ ऑक्टोबर १९९० उजाडला होता आणि पीक ज्या देशाकडे पाठवायचे तो देशच नकाशावर नव्हता. व्हिएतनाम आज ब्राझीलच्या खालोखाल जगातील दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी निर्यातदार आहे. त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत एकसंध जर्मनी आहे, आणि ती रोख पैसे मोजून घेते.